रविवारचं खास जेवण : मटण शिजू द्या मंद आचेवर

घरी पाहुणे जेवायला येणार असले की आपण मटण आणतो, कुकरमध्ये घालतो आणि शिट्ट्या मोजतो. वेळ वाचतो हे खरं, पण अनेकदा रस्सा पातळ राहतो आणि फोडी एक तर विरघळतात नाही तर दातांत अडकतात. तुम्हालाही हा अनुभव आला असेल, तर या रविवारी कुकर बाजूला ठेवा आणि जाड बुडाचं पातेलं काढा.

नोकरीसाठी मी बंगळुरूत राहते. आईबाबा पहिल्यांदा माझ्याकडे आले, तेव्हा मी हौसेने पातेल्यात मटण करायला घेतलं. एक वाजता जेवायचं होतं आणि मटण चढवलं साडेअकराला. पाऊण वाजला तरी ते शिजेना, म्हणून गॅस मोठा केला. रस्सा खदखदू लागला आणि मटण आणखीच चिवट झालं. बाबा काही न बोलता चावत राहिले. आई म्हणाली, “अगं, रस्सा मस्त झालाय हं!” मटणाबद्दल ती काहीच बोलली नाही, तिथेच मला काय ते कळलं.

असं का होतं?

जनावराच्या ज्या भागाला जास्त हालचाल असते, तिथलं मांस चिवट असतं. त्यात कोलॅजन नावाचं प्रथिन भरपूर असतं. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे ते हळूहळू विरघळून जिलेटिन बनतं. त्यानेच मटण मऊ होतं आणि रश्शाला दाटपणा येतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो. आच वाढवली की मांसाचे तंतू आकसतात आणि आतला रस बाहेर पडतो. म्हणूनच रश्शात बुडालेली फोडसुद्धा कोरडी लागू शकते.

खरेदी करताना

खांदा, मान आणि नळीचे तुकडे मागा. तुकडे मोठे ठेवायला सांगा, म्हणजे ते तुटणार नाहीत.

साहित्य (४-५ जणांसाठी)

• १ किलो मटण
• ४ कांदे, २ टोमॅटो
• २ मोठे चमचे आलं-लसूण पेस्ट
• अर्धी वाटी भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण
• तमालपत्र, लवंग, दालचिनी
• हळद, लाल तिखट, घरातला गरम मसाला
• तेल, मीठ चवीनुसार

कृती

• मटणाला मीठ, हळद आणि आलं-लसूण पेस्ट लावून तासभर मुरू द्या.
• पातेल्यात तेल तापवून थोड्या थोड्या फोडी चांगल्या तांबूस परतून बाजूला काढा. सगळ्या एकदम टाकल्या तर पाणी सुटतं आणि रंग येत नाही.
• त्याच तेलात खडा मसाला आणि कांदा परता. टोमॅटो, तिखट, गरम मसाला आणि वाटण घालून तेल सुटेपर्यंत परतत राहा. बुडाला चिकटलेलं खरवडून घ्या, खरी चव त्यात असते.
• आता मटण आणि फोडी जेमतेम बुडतील इतकं गरम पाणी घाला. एक उकळी आली की गॅस अगदी बारीक करा.
• वर खोलगट ताट झाका आणि त्यात पाणी ठेवा. आपल्या आज्यांची ही पद्धत आजही उपयोगी पडते. ताट गार राहिल्याने वाफ पुन्हा पातेल्यात उतरते आणि रस्सा आटला तर वरचं गरम पाणी हाताशी असतं.
• दीड ते अडीच तास शिजू द्या. अधूनमधून हलवा. सुरीचं टोक सहज आत गेलं आणि मांस हाडापासून सुटू लागलं की मटण झालं.

हे लक्षात ठेवा

• रश्शावर अधूनमधून एखादा बुडबुडा दिसला पाहिजे. खदखद दिसली तर पातेल्याखाली तवा ठेवा.
• जेवणाच्या वेळेआधी किमान ४ तास तयारीला लागा. लवकर झालं तर गरम करता येतं, उशीर झाला तर घाई करता येत नाही.
• गार पाणी घालू नका, शिजणं मंदावतं.
• उरलेलं मटण दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी मसाला आणखी मुरलेला असतो.

पुढच्या वेळी आईबाबा आले, तेव्हा मी सकाळी आठलाच तयारीला लागले. मटण शिजत असताना आम्ही तिघं चहा पीत गप्पा मारत बसलो. जेवताना बाबा या वेळीही फारसं बोलले नाहीत. फक्त ताट पुढे करून म्हणाले, “नळी आहे का अजून?”

तुमच्या घरीही या रविवारी असंच ताट पुढे येऊ द्या.