आप्पांचा पांढरा शर्ट आणि नवी पेठेतलं आमचं दुकान

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. विषय एका शर्टाचा आहे, पण माझ्या एकट्याचा नसावा.

५ जानेवारीला आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, स्कूटरवर मागे बसवून नवी पेठेत गेलो. गड्ड्याच्या यात्रेआधी पांढरा शर्ट घ्यायचा हा आमच्या घरातला नेम. पूर्वी आप्पा बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर चालायचे. आता गुडघे ऐकत नाहीत. तरी अक्षता सोहळ्याला सम्मती कट्ट्याजवळ जाऊन उभं राहायचं आणि ते पांढऱ्या कपड्यातच, यात बदल नाही. आणि तो पांढरा कपडा एकाच दुकानातून घ्यायचा, यातही नाही.

दुकानाचं नाव विचारू नका, सांगणार नाही. आमच्या घरात तरी त्याला नावाची गरज कधी पडली नाही. ‘दुकानातून आणू’ म्हटलं की तेच. आईचा लग्नातला शालू तिथला, माझा शाळेचा गणवेश तिथला, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला घातलेली पँट तिथली. घासाघीस नाही, ‘फिक्स रेट’ची पाटी, आणि आमचं म्हणणं काय, तर चार पैसे जास्त जातील पण माल खात्रीचा.

शर्ट १४५० रुपयांचा. आत दुकानाचं स्वतःचं लेबल, त्यावर ‘१०० टक्के कॉटन’. आप्पांनी अंगठा आणि बोटात कापड धरलं, चोळून बघितलं, क्षणभर थांबले आणि म्हणाले, “घे.” ते थांबणं माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

यात्रा झाली. शर्ट धुतला. पहिल्याच धुण्यात कॉलरवर फोड आल्यासारखे फुगवटे आले. इस्त्री केली की दबतात, गार झालं की परत वर. दुसऱ्या धुण्यात बाही मनगटाच्या वर गेली आणि काखेतली शिलाई दोन बोटं उसवली. काजाचे धागे तर असे सुटले की मांजरानं ओरबाडल्यासारखं दिसत होतं.

आता माझी खोड. मी त्याच दुकानातून २००६ साली घेतलेला आप्पांचा जुना शर्ट कपाटातून काढला (हो, अजून आहे, घरात घालतात) आणि दोन्ही शेजारी ठेवून फूटपट्टी लावली. जुन्या शर्टाच्या बाजूच्या शिलाईला एका इंचात पंधरा टाके. नव्याला आठ. जुन्याला आत अर्धा इंच माया सोडलेली आणि कडा दुमडून दुहेरी शिलाई. नव्याला माया जेमतेम, वरून नुसतं ओव्हरलॉक. ज्यांच्या घरात शिलाई मशीन आहे त्यांना माया म्हणजे काय ते सांगायला नको. शिलाईच्या आत जे कापड राखून ठेवायचं, उद्या माणूस जाड झाला तर उसवून सैल करता यावं म्हणून, ती माया. जास्त कापड लागतं म्हणून ती आता राखत नाहीत.

मग शर्टाच्या खालच्या कडेतून एक धागा ओढला आणि काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच येतो आणि बोटात भुरभुर राख उरते. हा धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळी कडक गोळी झाली. ही पॉलिस्टरची खूण. शंभर टक्के कॉटन!

पॉलिस्टरशी माझं वैर नाही. लवकर वाळतं, चुरगळत नाही, स्वस्त असतं. मग तसं लिहा आणि त्या भावात विका. मी घेईन किंवा घेणार नाही.

दुकानात गेलो. पूर्वी गल्ल्यावर मोठे शेठ बसायचे, आता त्यांचा नातू असतो. मुलगा वाईट नाही, बोलायला अदबशीर. शर्ट हातात न घेताच म्हणाला, “सर, धुतलेला माल परत नाही होत.” म्हटलं, न धुता कसं कळणार आक्रसतो ते? तर म्हणाला, “जास्त वेळ भिजवला असेल.” अहो, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात कपडा जास्त वेळ भिजवायची चैन कोणाला परवडते? शेवटी, “तुम्ही जुने कस्टमर आहात” म्हणून पाचशे रुपयांची क्रेडिट नोट देऊ केली. म्हणजे त्याच दुकानातून अजून एक शर्ट घ्यायचा. मी घेतली नाही.

बाहेर पडताना तिथले जुने सेल्समन मामा जिन्याशी भेटले. आमच्या तीन पिढ्यांची मापं त्यांना तोंडपाठ. हळू आवाजात म्हणाले, “आता आम्ही माल बघतच नाही ओ सर. गठ्ठे तयार येतात, टॅग लावून. आम्ही फक्त हँगरला लावायचं.”

त्यांच्या या एका वाक्यात सगळं आलं. पूर्वी काय व्हायचं ते मी लहानपणी डोळ्यानं बघितलंय. नवीन ठाण आलं की शेठ त्यातला हातभर तुकडा कापून मागच्या मोरीत भिजवायला लावायचे. वाळला की परत मोजायचे. रंग जातो का ते पांढऱ्या रुमालावर घासून बघायचे. आणि मग हेच सेल्समन मामा गिऱ्हाइकाला सांगायचे, “हे धुतल्यावर आटणार, चार बोटं जास्त घ्या,” किंवा “वहिनी, हा रंग जाणार, पहिल्यांदा वेगळं धुवा.” स्वतःच्या मालाचा दोष दुकानदारच सांगायचा. आमचा विश्वास बसला तो यामुळे. एसी, आरसे आणि दारातला सलाम नंतर आले.

आता तेच कापड हाताला आधीपेक्षा मऊ का लागतं, हाही प्रश्न मला पडला होता. इचलकरंजीला माझा मावसभाऊ यंत्रमागाच्या धंद्यात आहे, त्याला फोन केला. तो हसला. म्हणाला, दादा, हलकं कापड फिनिशिंगला जातं, त्यावर सिलिकॉनचा हात फिरवतात, दुकानात लोण्यासारखं लागतं. दोन धुण्यांत ते निघून जातं आणि खालचं खरं कापड दिसतं. भाव वाढवला की गिऱ्हाईक ओरडतं, म्हणून भाव तोच ठेवायचा आणि आतून काढायचं. इंचातले धागे कमी, टाके कमी, माया कमी, कॉलरच्या आतलं फ्युजिंग हलकं. तो म्हणाला तसं, यातली एकही गोष्ट ट्रायल रूमच्या आरशात दिसत नाही.

हे दुसऱ्या कुठल्या शहरात घडलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पण हे सोलापूर आहे राव. गिरणीच्या भोंग्यावर ज्या गावाचं घड्याळ चाललं, जिथं पूर्व भागात अजून घराघरात मागाचा आवाज येतो, जिथं शिवलेले शाळेचे गणवेश बाहेरच्या राज्यात जातात, त्या गावात कापडाच्या नावाखाली हे खपावं? सोलापुरी चादरीला जीआय मानांकन आहे. परराज्यात विणलेली हलकी चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकली की आपण किती चिडतो, बातम्या होतात, निवेदनं दिली जातात. मग आपल्याच पेठेत, आपल्याच माणसानं, पॉलिस्टरवर ‘१०० टक्के कॉटन’ छापलं तर ते वेगळं कसं?

दुकानदारांची बाजू मला दिसत नाही असं नाही. जागेचं भाडं, पगार, समोर मॉल, खिशात मोबाइल. आपणच दुकानात जाऊन साइज बघतो आणि घरी येऊन ऑनलाइन मागवतो. मीही मागवलेत, खोटं कशाला बोलू. तो नातू म्हणत होता की लोकांना दर दोन महिन्यांनी नवीन काहीतरी लागतं, दहा वर्षं टिकणारा शर्ट कोणाला हवाय? असेल तसंही. पण मग दहा वर्षांच्या शर्टाची किंमत आणि दहा वर्षांच्या दुकानाचा रुबाब तरी लावू नका. ऑनलाइन घेतलेला तीनशेचा टी-शर्ट उसवला तर मला वाईट वाटत नाही, मी त्याच्याकडून काही मागितलंच नव्हतं.

घरी आल्यावर आप्पांना विचारलं, “तुम्हाला दुकानातच कळलं होतं ना?” आप्पांनी तेवीस वर्षं गिरणीत काढलीत, साचे खात्यात. त्यांना न कळून कसं चालेल?

“कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “गिरणी बंद पडली त्या वर्षी दिवाळीला तुम्हा तिघा भावंडांचे कपडे त्याच्या आजोबांनी उधारीवर दिले. पैसे कधी देणार, असं एकदाही विचारलं नाही. त्या पोराला चारचौघांत काय बोलायचं?”

मला हे माहीत नव्हतं. त्या नातवाला तर नसणारच. त्याच्या संगणकात आमचं नाव, मोबाइल नंबर आणि ‘लॉयल्टी पॉइंट’ आहेत. ती दिवाळी त्यात नाही. आजोबांनी अशी घरं जोडली म्हणून माझे वडील हलकं कापड ओळखूनही गप्प बसले आणि १४५० रुपये मोजून आले. अशी किती म्हातारी माणसं या शहरात गप्प बसून पैसे मोजत असतील? हा साठा एक दिवस संपणार आहे. माझ्या मुलीला त्या दुकानाचं काहीच देणं नाही, ती दुसऱ्या शर्टाला तिकडे फिरकणार नाही.

म्हणून मी गप्प बसायचं नाही असं ठरवलं. उपकार आजोबांचे आहेत, ते डोक्यावर. शर्ट नातवाचा आहे.

एक उपयोगाची माहिती, कारण बऱ्याच जणांना बिलावरची ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ म्हणजे कायदाच वाटतो. तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत. रंग आवडला नाही, बायकोला पसंत पडला नाही, याला हे लागू नाही, माल सदोष असायला हवा. पक्कं बिल मागून घ्या आणि जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही. शर्टासाठी कोण जाणार, असं दुकानदारालाही वाटतं आणि आपल्यालाही वाटतं, त्यातच सगळं अडतं.

मला दुकान बंद पडायला नकोय. मला तो मोरीतला भिजवलेला तुकडा परत हवाय. आलेल्या प्रत्येक गठ्ठ्यातला एक शर्ट काढून धुवून बघायला किती खर्च येतो? सेल्समन मामांसारखी माणसं तुमच्याकडे अजून पगारावर आहेत, त्यांना हँगर लावायला कशाला ठेवता?

अर्ज मराठीत टाइप केलाय, सोबत बिलाची झेरॉक्स, दोन्ही शर्टांचे फोटो आणि तो जळलेला धागा एका पाकिटात. शर्ट स्कूटरच्या डिकीत आहे. तीस दिवस ४ फेब्रुवारीला होतात, त्याआधी सोमवारी जाणार आहे. काय होतं ते इथेच लिहीन.

आप्पांना सांगितलं. म्हणाले, “जा. माझं नाव मात्र काढू नकोस.”