सभासदांचे सभागृह : खर्चाची गळती नेमकी कोठे?

वसई तालुक्यातील अनेक गावांत सभासदांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून उभी राहिलेली सामाजिक सभागृहे आहेत. लग्नाचे जेवण, बाप्तिस्म्याचा समारंभ, मयताच्या महिन्याच्या मिस्सेनंतरचा चहा, तरुणांच्या नाटकाची तालीम, महिला मंडळाची सभा ही सारी कार्ये याच छताखाली होत आली. ज्यांना रिसॉर्टचे किंवा लॉनचे भाडे परवडत नाही, अशा कुटुंबांना आपल्या मुलीचे लग्न चारचौघांत सन्मानाने करता यावे, हा या वास्तूंचा मूळ हेतू होता. आज त्याच हेतूवर संकट आले आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत तूट जाहीर होते, कार्यकारिणी भाडेवाढ सुचवते, सभासद कुरकुरतात आणि शेवटी कोणीतरी विचारतो, “सभागृह ठेकेदाराला चालवायला का देऊ नये?”

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी खर्च कोठे होतो, हे तपासणे आम्हांला आवश्यक वाटते.

रिकाम्या दिवसांचा भार

आपल्या सभागृहांचे अर्थकारण समाजाच्या पंचांगाशी बांधलेले आहे. आगमनकाळात आणि प्रायश्चित्तकाळात सहसा लग्ने होत नाहीत. पावसाळ्याचे चार महिने जवळजवळ कोरडे जातात. त्यामुळे नाताळानंतरचे आठवडे, ईस्टरनंतरचा एप्रिल-मे आणि नोव्हेंबरचा काही भाग यांतच बहुतेक तारखा भरतात. परंतु रखवालदाराचा पगार, मालमत्ता कर, विमा आणि वीजजोडणीचा स्थिर आकार मात्र बाराही महिने चालू राहतो.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या सभागृहाचा असा स्थिर खर्च वर्षाला ६ लाख रुपये आहे असे धरा. वर्षात ६० कार्ये झाली, तर प्रत्येक कार्यावर १०,००० रुपयांचा भार येतो. कार्ये ४० वर आली, तर तोच भार १५,००० होतो. तूट भरून काढण्यासाठी भाडे वाढवले की आणखी काही कुटुंबे दुसरीकडे वळतात आणि उरलेल्यांवरचा भार पुन्हा वाढतो. अशा चक्रात सापडलेल्या संस्थेला केवळ भाडेवाढ तारू शकत नाही.

येथे दुसरा मार्ग आहे. मधल्या वारी होणाऱ्या लहान कार्यासाठी अर्धे सभागृह दिले, तर वीज, पाणी व सफाई मिळून प्रत्यक्ष वाढीव खर्च समजा २,५०० रुपये होतो. ते ५,००० रुपयांना दिले तरी २,५०० रुपये स्थिर खर्चाच्या वाट्याला मिळतात. रिकामे ठेवले, तर काहीच मिळत नाही. लहान कार्यांसाठी वेगळा, कमी दर ठेवणे म्हणूनच गरिबांच्या सोयीचे आणि संस्थेच्याही हिताचे आहे.

विजेचे बिल कसे वाचावे?

तूट दिसली की “पंखे बदला, एसी बंद करा” अशी सूचना हमखास येते. सूचना चांगली असली तरी तिच्यामागे हिशेब हवा. विजेचा वापर उपकरण किती मोठे आहे याबरोबरच ते किती तास चालते यावरही ठरतो, हे आपण विसरतो.

जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॅट. सभागृहात ४० पंखे आहेत आणि वर्षात ६० कार्यांना प्रत्येकी ६ तास ते फिरतात असे धरले, तर सर्व पंखे बदलून वर्षाला सुमारे ६५० युनिट वाचतील. युनिटला १५ रुपये धरले तरी बचत १० हजारांच्या आत राहते. पंख्यामागे ३,००० रुपये मोजले, तर १ लाख २० हजारांचा खर्च फिटायला बारा वर्षे लागतील.

आता आवारातील, जिन्यातील आणि फाटकावरील दिवे पाहू. चोकसकट ५० वॅट घेणाऱ्या दहा जुन्या ट्यूब रोज रात्री १२ तास जळतात. त्यांच्या जागी २० वॅटच्या एलईडी बसवल्या, तर वर्षाला १,३०० युनिटहून अधिक, म्हणजे सुमारे १९ ते २० हजार रुपये वाचतात आणि खर्च येतो अवघा तीन-चार हजारांचा. त्यामुळे दिवे याच महिन्यात बदलावेत. पंखे जसजसे बिघडतील तसतसे बदलावेत. रिकामा असूनही वर्षभर चालू राहणारा डीप फ्रीझर आणि टाकी भरून वाहिली तरी न थांबणारा पंप यांकडेही याच नजरेने पाहायला हवे.

दुसरी बाब मंजूर भाराची. मागणी आकार लागू असलेल्या मोठ्या जोडणीवर मंजूर मागणीच्या ठरावीक भागाचा आकार वापर झाला नाही तरी भरावा लागतो. एकेकाळी मोठ्या अपेक्षेने वाढवून घेतलेला भार आज अनेक महिने अंगावर पडतो. उलट मंजूर मागणी ओलांडली, तर दंडात्मक आकार बसतो. मागील बारा महिन्यांची बिले समोर ठेवून प्रत्येक महिन्याची नोंदलेली कमाल मागणी पाहावी आणि जाणकाराच्या सल्ल्याने भार कमी करता येतो का, हे ठरवावे.

वातानुकूलनासाठी वेगळा उपमीटर बसवणे न्यायाचे ठरते. ज्या कुटुंबाला गारवा हवा आहे, त्याने त्याच्या युनिटचे पैसे द्यावेत. जे पंख्यावर भागवतात, त्यांच्या भाड्यात तो खर्च मिसळू नये. एसी २४ अंशांवर ठेवावा, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा सल्ला आहे. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ब्युरो सांगतो.

जनित्राचेही तसेच. जुलै २०१८ च्या पुरात वसईकरांनी अंधार अनुभवला आहे, त्यामुळे जनित्र नको असे कोणी म्हणणार नाही. पण डिझेल लिटरला ९० रुपये धरले, तर जनित्राची वीज युनिटला २५ ते ३० रुपयांना पडते. त्याच्या तासांची नोंदवही असावी आणि आकारणी तासावर व्हावी.

जेथे काटकसर करू नये

खर्च कमी करताना पहिली कुऱ्हाड बहुधा सर्वांत दुबळ्या माणसावर पडते. रखवालदाराचे तास वाढतात, झाडलोट करणाऱ्या बाईंचा पगार वर्षानुवर्षे तोच राहतो. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगाराच्या न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. समाजाच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने तरी किमान वेतनाचा कायदा पाळून उदाहरण घालून द्यावे.

अग्निसुरक्षेचीही काटकसर नको. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार परवानाधारक अभिकरणाकडून अग्निशमन यंत्रणेची तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, प्रमाणपत्र सादर करावे लागते. हा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा. गच्चीच्या डागडुजीचेही असेच आहे. मे महिन्यात न बुजवलेली भेग दोन पावसाळ्यांनंतर स्लॅबचा खर्च होऊन परतते. दरवर्षी उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा दुरुस्ती निधीत बाजूला पडला पाहिजे.

कराचा प्रश्न

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि अनेक संस्था गोंधळल्या. त्या वर्षीच्या अधिसूचनेनुसार, आयकर कायद्याखाली नोंदणी असलेल्या धर्मादाय किंवा धार्मिक न्यासाच्या सार्वजनिक प्रार्थनास्थळाच्या आवारातील सभागृहाचे भाडे दिवसाला १०,००० रुपयांपेक्षा कमी असेल, तर त्यावर करमाफी आहे. सभासदांच्या स्वतंत्र संस्थेचे सभागृह मात्र या माफीत आपोआप बसत नाही. दोन्हींची गल्लत करून चालणार नाही.

सभासदांनी एकत्र येऊन स्वतःलाच दिलेली सेवा ही विक्री नव्हे, हे परस्परतेचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली कलकत्ता क्लबच्या प्रकरणात मान्य केले. २०२१ च्या वित्त अधिनियमाने अशा व्यवहारांना पूर्वलक्षी प्रभावाने वस्तू व सेवा कराच्या कक्षेत आणले. एप्रिल २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. तरी ऐकीव माहितीवर विसंबून कर भरणे थांबवू नये. सनदी लेखापालाचा लेखी सल्ला घ्यावा आणि सभासदांकडून आलेले उत्पन्न व बाहेरच्यांकडून आलेले उत्पन्न यांची खाती वेगळी ठेवावीत. बँकेतील ठेवींवरचे व्याज परस्परतेच्या तत्त्वात बसत नाही, हे बंगळूर क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच स्पष्ट केले आहे.

ठेकेदार की सभासद?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ठेकेदाराला सभागृह दिले की कार्यकारिणीची डोकेदुखी कमी होते, यात शंका नाही. पण ठेकेदार आपल्या नफ्यासाठी येतो. तो मोठ्या कार्याला तारीख देईल आणि महिन्याच्या मिस्सेच्या चहाला नकार देईल. अमुकच केटरर, अमुकच मंडपवाला अशी सक्ती येईल. मग ज्या कुटुंबासाठी ही वास्तू बांधली, तेच फाटकाबाहेर राहील.

सभागृह आपल्या हाती ठेवायचे असेल, तर आमच्या मते पुढील सभेत सभासदांनी चार गोष्टी मागाव्यात. मागील तीन वर्षांचा खर्च स्थिर व कार्यागणिक अशा दोन भागांत छापून मिळावा. विजेची बारा महिन्यांची बिले सूचनाफलकावर लागावीत. प्रत्येक कार्याच्या आधी व नंतर मीटरची नोंद यजमानाच्या सहीने व्हावी. आणि नातलगांना, पदाधिकाऱ्यांना तोंडी दिली जाणारी सवलत बंद होऊन, गरजू कुटुंबांसाठीच्या सवलतीचा लेखी नियम व्हावा.

वसईच्या कॅथलिक समाजाला हिशेबाचे वावडे कधीच नव्हते. १९१८ साली लावलेले सहकाराचे रोपटे बॅसीन कॅथलिक बँकेच्या रूपाने शतक ओलांडून उभे आहे. पैशाच्या प्रत्येक नोंदीची विचारपूस करणारे सभासद होते, म्हणून ते टिकले. सभागृहाच्या सभेला गणपूर्तीअभावी अर्धा तास थांबावे लागते, तोवर मात्र तुटीचा दोष एकट्या कार्यकारिणीला देता येणार नाही. येत्या सभेची सूचना हाती पडेल, तेव्हा आपण सर्वांनी वेळेवर हजर राहावे आणि ताळेबंद वाचूनच हात वर करावा, एवढीच आमची विनंती आहे.