न मोजलेले विष

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशपातळीवरील प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरमधून झाला. या कार्यक्रमाची वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जातात, उंची-वजन घेतात, दात, डोळे, कान तपासतात, मूल वयाप्रमाणे चालते-बोलते की नाही याची नोंद करतात. बौद्धिक वाढीतील विलंब, उशिरा फुटलेली वाचा, अध्ययन अक्षमता, अतिचंचलता हे सारे तपासणीच्या यादीत आहे. मात्र या विकारांमागचे जे एक कारण विज्ञानाने सिद्ध केले आहे, जे रक्ताच्या चाचणीत मोजता येते आणि बव्हंशी टाळताही येते, त्याची चाचणी या यादीत नाही. ते कारण म्हणजे शिसे. ती चाचणी यादीत आलीच पाहिजे.

‘युनिसेफ’ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात प्रति डेसिलिटर पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे. जगभरातील अशा सुमारे ८० कोटी मुलांपैकी साडेसत्तावीस कोटी भारतातली आहेत. हा अंदाज आहे, कारण देशव्यापी रक्ततपासणी आपण कधी केलेलीच नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जॉर्ज फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेने डॉ. वेंकटेश थुप्पिल यांच्या सहभागाने मुंबईसह प्रमुख शहरांत पाहणी केली, तेव्हा बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांत शिसे दहा मायक्रोग्रॅमच्या वर आढळले होते. २००० साली पेट्रोलमधले शिसे गेले. त्यासोबत या प्रश्नाकडचे लक्षही गेले. शिसे मात्र घराघरांत राहिले.

शिशाचा कोणताही सुरक्षित स्तर नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट भूमिका आहे. शरीराला ते कॅल्शियमसारखे भासते, म्हणून कॅल्शियमच्याच वाटेने ते मेंदूत शिरते आणि चेतापेशींची जोडणी होण्याच्या वयात ती बिघडवते. उरलेले हाडांत साठून वर्षानुवर्षे राहते. अशी मुलगी पुढे गरोदर राहिली की गर्भासाठी हाडांतले कॅल्शियम निघते, त्याच्याबरोबर शिसेही सुटते आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचते. मोठ्या माणसाचे शरीर पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहा टक्के शोषते, तर लहान मुलाचे चाळीस ते पन्नास टक्के. अंगात लोह कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. म्हणजे ज्यांच्या ताटात कमी पडते, त्यांच्याच अंगात हे विष अधिक मुरते.

ते दिसत नाही, हे त्याचे सर्वांत घातक लक्षण. अमेरिकी संशोधक हर्बर्ट नीडलमन यांनी बोस्टनजवळच्या चेल्सी आणि समरव्हिल येथील शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतले शिसे मोजले. वरकरणी ही सारी मुले ठणठणीत होती. पण १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांच्या दातांत शिसे अधिक होते ती बुद्धिमापन चाचणीत मागे होती आणि त्यांचे वर्गात लक्ष लागत नाही, असे शिक्षकही सांगत होते. पुढच्या अभ्यासांनी दाखवले की रक्तातील शिसे एकपासून दहा मायक्रोग्रॅमपर्यंत वाढताना बुद्ध्यंक सरासरी सहा गुणांनी घसरतो आणि ही घसरण अगदी खालच्या पातळ्यांवरच सर्वांत तीव्र असते. ताप नाही, पुरळ नाही. आईबापांना दिसते ते एवढेच की पोरगे एका जागी बसत नाही, काल शिकवलेले आज विसरते. मग मूल ‘मठ्ठ’ ठरते, मार खाते आणि शेवटी शाळेबाहेर पडते.

इथे एक सावधगिरी हवी. विकासात अडथळा आलेल्या प्रत्येक मुलामागे शिसेच आहे, असे मुळीच नाही. अनुवंश, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना प्राणवायू कमी पडणे, थायरॉइडची कमतरता अशी अनेक कारणे असतात आणि स्वमग्नतेशी शिशाचा संबंध तितक्या ठामपणे सांगता येत नाही. शिवाय अशा मुलाच्या आईकडे बोट दाखवण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. हळदीत काय मिसळले आणि रंगाच्या डब्यात काय घातले, हे कोणत्याही आईला नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. ते ओळखण्याची यंत्रणा सरकारच्या हाती आहे, म्हणून जबाबदारीही सरकारचीच.

रंगाचेच पाहा; शिसे घरात येण्याची ही पहिली वाट. व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांतून मुलांना शिसेबाधा होते, हे ब्रिस्बेनच्या डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्येच मांडले होते. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची ९० पीपीएम ही मर्यादा लागू झाली १ नोव्हेंबर २०१७ पासून. औद्योगिक वापराचे रंग त्या नियमाबाहेरच आहेत आणि आधीच लावलेल्या रंगाचे काय, याचेही उत्तर त्यात नाही. दिवाळीच्या तोंडावर जुन्या चाळीत रंगारी खिडकीच्या गजांचा ऑइल पेंट पॉलिश पेपरने कोरडाच घासतो. बारीक भुकटी फरशीवर, अंथरुणावर बसते. त्याच फरशीवर रांगणारे मूल हात तोंडात घालते. रंग ओला करून घासला, फरशी ओल्या फडक्याने पुसली आणि त्या दिवसांत मुलांना व गरोदर बाईला दुसऱ्या घरी ठेवले, तर धोका बराच कमी होतो. पण हे रंगाऱ्याला कोणी शिकवलेले नाही आणि डब्यावर ठळक छापण्याची सक्तीही दिसत नाही.

दुसरी वाट स्वयंपाकघरातली. हळकुंडे पिवळीधमक दिसावीत म्हणून पॉलिश करताना लेड क्रोमेट हे रंगद्रव्य चढवले जाते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आशियाच्या पाहणीत पाटण्यातील एका नमुन्यात शिसे प्रति ग्रॅम दोन हजार मायक्रोग्रॅमच्याही वर आढळले. आपली कायदेशीर मर्यादा आहे दहा. सांगली आणि वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. तिचे नाव भेसळखोरांमुळे खराब होऊ नये, यासाठी तरी सुट्या हळदीची नियमित तपासणी व्हायला हवी. तिसरी वाट भंगाराची. जगातील बहुतांश शिसे बॅटऱ्यांत जाते. वस्तीलगत बेकायदा बॅटऱ्या फोडून शिसे गाळणाऱ्या कामगाराच्या कपड्यांवरून ती धूळ घरी येते, आणि भंगार वितळवून ओतलेल्या भांड्यांतून शिसे अन्नात उतरू शकते. डोळ्यांत घातला जाणारा पारंपरिक सुरमा आणि धातूंची भस्मे असलेली, चाचणी न झालेली औषधेही याच यादीत येतात.

हे थांबवता येते, याचा दाखला शेजारीच आहे. बांगलादेशात गरोदर स्त्रियांच्या रक्तातील शिशाचा माग संशोधकांनी हळदीपर्यंत काढला. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुने दूषित होते. तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बाजारपेठांत इशारे लावले, हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने घाऊक बाजारात जागेवर तपासणी केली, भेसळ करणाऱ्यांना दंड ठोठावला. २०२१ मध्ये एकही नमुना दूषित निघाला नाही. जॉर्जिया या देशाने २०१८ मध्ये मुलांचे रक्त तपासले, ४१ टक्के मुलांत शिसे पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक निघाले, आणि मग तिथेही मसाल्यांवर कारवाई झाली. दोन्ही ठिकाणी आधी मोजणी झाली, कारवाई तिच्या मागोमाग आली.

महाराष्ट्राला यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत, नागपुरात ‘नीरी’सारखी राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था आहे. राज्याने एक ते पाच वर्षांच्या मुलांची नमुना रक्ततपासणी पहिल्याच वर्षी करावी. बॅटरी भट्ट्यांलगतच्या गावांपासून आणि जुन्या चाळी-वस्त्यांपासून तिची सुरुवात व्हावी. शीघ्र हस्तक्षेप केंद्रात येणाऱ्या प्रत्येक मुलाची शिसे चाचणी मोफत व्हावी. अन्न व औषध प्रशासनाने सुटी हळद, मसाले आणि भांड्यांच्या तपासणीचे निकाल दर तिमाहीला जाहीर करावेत. अंगणवाड्या, शाळा आणि बागेतील खेळण्यांना शिसेविरहित रंगच लावण्याची अट प्रत्येक निविदेत असावी. रक्तक्षयासाठी दिली जाणारी लोहाची औषधे मुलांपर्यंत खरोखर पोहोचावीत, कारण त्यांनी शिशाचे शोषणही कमी होते.

गमावलेली बुद्धी औषधाने परत येत नाही. रक्तातील शिसे फार वाढल्यावर ते बाहेर काढणारे उपचार आहेत, पण मेंदूची झालेली हानी ते भरून काढत नाहीत. म्हणून प्रतिबंधाला पर्याय नाही आणि मोजणीवाचून प्रतिबंध नाही. येत्या अर्थसंकल्पात या तपासणीसाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि वर्षभरात तिचे जिल्हावार आकडे विधिमंडळापुढे ठेवावेत. मुलांच्या रक्तात काय आहे, हे जाणून घेण्याचा हक्क प्रत्येक आईबापाला आहे.