ठराव कागदावर, पाणी तळ्यात

वर्ष संपताना एक लांबलचक पोस्ट टाकायची माझी जुनी खोड आहे. ज्यांना कंटाळा असेल त्यांनी आत्ताच नवीन वर्षाच्या शुभेच्छा घ्या आणि पुढे सरका. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

आज ३१ डिसेंबर २०२५. सकाळी पोलादपूरला दुकानाचं शटर वर केलं तर बाहेर सात-आठ बायका बसलेल्या. लाडकी बहीणच्या ई-केवायसीची आज शेवटची तारीख. वरच्या वाड्यांतून पहिल्या एसटीने उतरलेल्या. आधी स्वतःचा ओटीपी, मग नवऱ्याच्या आधारचा ओटीपी. नवरा मुंबईत ड्युटीवर, फोन उचलत नाही. उचलला तर ओटीपीची वेळ संपलेली. एका मावशींचा नवरा वारून नऊ वर्षं झाली. त्यांना मृत्यू दाखल्याची झेरॉक्स काढून दिली आणि अंगणवाडी सेविकेकडे पाठवलं. जाताना त्या म्हणाल्या, "बाबा, माणूस गेला तरी त्याचा कागद लागतोच का रं?"

मी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो. दिवसभर कागदच हाताळतो. म्हणून यंदाचं वर्ष मी कागदावरून मोजायचं ठरवलं. कोणता कागद निघाला, आणि तो आपल्या माणसापर्यंत पोचला का, एवढंच.

याला कारण झालं आपलं महाड. २५ तारखेला मनुस्मृती दहन दिनाला चवदार तळ्यावर गेलो होतो. गर्दी चांगली होती, पुस्तकांचे स्टॉल होते, लांबून लांबून लोक आलेले. तिथे पायऱ्यांवर बसलो असताना एक गोष्ट नव्याने डोक्यात बसली. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. म्हणजे कागदावर चवदार तळं १९२४ लाच खुलं होतं. पण तीन वर्षं एकाही दलित माणसाला त्यातलं पाणी भरता आलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्यासोबत हजारो माणसं चालत गेली, ओंजळ भरली. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, आणि नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला! मग कोर्टकचेरी. हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला.

ठराव झाला म्हणून पाणी मिळालं नाही. माणसं चालत गेली आणि नंतर दहा वर्षं चिकाटीने लढली, तेव्हा मिळालं. हा धडा आपल्याच गावात शिकवला गेला. आणि आपणच तो विसरलो, असं मला यंदा वाटलं. आता एकेक कागद बघू.

पहिला कागद, पालकमंत्र्यांचा. १८ जानेवारीला यादी आली, रायगडला अदितीताई तटकरे. दुसऱ्याच दिवशी स्थगिती. त्यादरम्यान आपल्या महाडला मुंबई-गोवा महामार्गावर टायर जळाले, कारण भरतशेठना पालकमंत्रीपद मिळालं नाही. त्याला आता वर्ष होत आलं. खुर्ची अजून रिकामी. पालकमंत्री हा जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष असतो, जिल्ह्याचा पैसा कुठे जायचा ते तिथे ठरतं. म्हणजे ही नुसती झेंडावंदनाच्या मानाची गोष्ट नाही.

मी कुठल्या गटाचा नाही, दोन्हीकडची माणसं माझ्याच दुकानात झेरॉक्स काढतात. त्यामुळे मोकळेपणाने विचारतो. याच महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. चौदा वर्षं झाली. त्यासाठी टायर सोडा, साधी एकत्र सभा तरी आपण किती वेळा घेतली? धो-धो पाऊस पडणारा आपला पोलादपूर तालुका, आणि एप्रिल-मे आला की वाड्यांवर टँकर. त्या टँकरसाठी कधी कोणी रस्त्यावर उतरलं? टायर जाळावेत असं मी म्हणत नाही, कशासाठीच जाळू नयेत. पण नेत्याच्या खुर्चीसाठी आपण रात्री रस्त्यावर येतो आणि हंड्यासाठी घरातल्या बाईला एकटीला पाठवतो, हे लाजिरवाणं आहे.

होत नाही असं कोणी म्हणू नका. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल एसटीच्या दोन गाड्यांसकट वाहून गेला. नवा पूल पुढच्या जूनमध्ये सुरू झाला. वर्षाच्या आत! सगळ्या देशाचं लक्ष होतं म्हणून झालं. लक्ष असलं की काम होतं.

दुसरा कागद अभिमानाचा. ११ जुलैला पॅरिसमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा दिला. त्यात आपला रायगड, म्हणजे आपला महाड तालुका! त्या रात्री मी पण स्टेटस ठेवलं, डीपी बदलला, डोळ्यांत पाणी आलं हे खरं. पण नंतर विचार केला. पाचाडला, हिरकणीवाडीला ताक, लिंबू सरबत, पिठलं-भाकरी विकून घर चालवणाऱ्या बायका आहेत. आता गड मोठा होणार, पर्यटक वाढणार, नियमही वाढणार. त्या बायकांची टोपली त्या नियमात बसणार की उठवली जाणार? पायथ्याच्या गावांच्या ग्रामसभेत हा विषय निघायला हवा. मोठं हॉटेल आल्यावर विचारून उपयोग नाही.

तिसरा कागद नुकसानीचा. यंदा मान्सून २६ मे ला मुंबईत. राब भाजून तयार, पण पेरणीआधीच वाफे पाण्याखाली. तरवा कसाबसा वाचवून लावणी केली, पीक बरं उभं राहिलं, आणि दिवाळी झाली तरी पाऊस जाईना. कापलेलं भात शेतात भिजलं, लोंबीला कोंब फुटले. तळीयेसारखं काही झालं नाही, त्याबद्दल देवाचे आभार. पण भात गेलं ते गेलं.

सरकारने पॅकेज जाहीर केलं, ३१,६२८ कोटींचं. आकडा ऐकून छाती दडपते. आता आपल्याकडचा हिशोब बघा. मदतीच्या मूळ निकषात कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये. शंभर गुंठ्यांचं एक हेक्टर, म्हणजे गुंठ्याला ८५ रुपये. वीस गुंठेवाल्याला सतराशे. त्यात आपला सातबारा सामाईक, त्यावर चौदा नावं. पाच जण मुंबईत, दोन बडोद्याला, तिघं वारलेले, वारसनोंद नाही. संमतीपत्रावर सह्या गोळा करायचा खर्च मदतीपेक्षा जास्त. एक काका अर्धा फॉर्म भरून उठले. "राहू दे, भात कोंबड्यांना घातलं तेवढीच भरपाई," म्हणाले. विदर्भ-मराठवाड्याच्या शेतावर बेतलेला निकष कोकणाच्या गुंठ्याला कसा लागू होईल, हे विधानसभेत कोणीतरी ठासून विचारायला पाहिजे. आपण निवडून कशाला देतो मग?

चौथा कागद मतपत्रिकेचा, म्हणजे आता मशीनचा. जवळपास चार वर्षं प्रशासकाच्या हातात राहून महाड नगरपरिषदेची निवडणूक अखेर २ डिसेंबरला झाली. निकाल कोर्टामुळे २१ तारखेपर्यंत लांबला. मतदानाच्या दिवशी काय झालं ते सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलं. मारामारी कोणाच्यात? राज्यात एकाच मंत्रिमंडळात बसणाऱ्या दोन पक्षांच्या माणसांत. वर नेते एका टेबलावर जेवतात, खाली पोरांवर केस पडते. ज्या पोरांची नावं गुन्ह्यात येतात त्यांना उद्या पोलीस पडताळणीचा दाखला लागेल, आणि तो फॉर्म भरायला ती माझ्याकडेच येतील. तेव्हा मला वाईट वाटतं, त्यांच्या नेत्यांना वाटतं का माहीत नाही.

जरा बाहेरच्या जगाकडे बघू. २७ ऑगस्टपासून अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला. एमआयडीसीत कंत्राटी कामावर जाणारी आपली पोरं विचारायला लागली, "दादा, ट्रम्पमुळे आमची पाळी बंद होईल का?" वॉशिंग्टनच्या एका सहीने बिरवाडीच्या खोलीतल्या पोराची झोप उडते, एवढं जग जवळ आलंय.

आणि दोन माणसं मनातून जात नाहीत. २२ एप्रिलला पहलगामला धर्म विचारून गोळ्या घातल्या, २६ माणसं गेली, त्यात आपल्या जिल्ह्यातल्या पनवेलचाही एक होता. तिथे सय्यद आदिल हुसेन शाह नावाचा घोडेवाला पर्यटकांना वाचवायला पुढे झाला आणि मारला गेला. १४ डिसेंबरला ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बाँडी किनाऱ्यावर ज्यू लोकांच्या सणात गोळीबार झाला. तिथे अहमद अल अहमद नावाचा एक फळवाला मागून धावला आणि त्याने हल्लेखोराच्या हातातली बंदूक हिसकावली. स्वतः गोळ्या खाल्ल्या. या दोघांनी समोरच्याची जात-धर्म विचारला नाही. गावातल्या ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ 'त्यांच्या'बद्दल फॉरवर्ड टाकणाऱ्या माझ्या मित्रांनो, एवढं तरी आठवा. १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेबांच्या परिषदेला मंडपासाठी महाडमध्ये जागा मिळेना, तेव्हा ती देणारा फत्तेखान नावाचा मुसलमान होता. हा आपला इतिहास आहे.

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात मोठा कागद. त्याची आपल्याकडे चर्चाच झाली नाही. १८ डिसेंबरला संसदेत मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर झाला, 'व्हीबी-जी राम जी'. २१ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. शंभरऐवजी १२५ दिवस कामाची हमी. ऐकायला छान. पण आतापर्यंत अकुशल मजुरीचा सगळा पैसा केंद्र द्यायचं, आता ४० टक्के राज्याने घालायचा. आणि पेरणी-कापणीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत काम बंद ठेवता येणार.

आपल्याला याचं काय, असं म्हणाल. ३१२ रुपये रोजावर कोण जातंय, बाहेर बिगाऱ्याला पाचशे मिळतात. बरोबर आहे, तरण्या माणसाला मिळतात. पण वरच्या वाडीतली पंचावन्न वर्षांची बाई, जिच्या गावात एसटी दिवसातून दोनदा येते, ती पाचशे कमवायला कुठे जाणार? तिच्यासाठी गावातलंच काम हवं. आणि काम काय, तर विहीर, बंधारा, तळ्यातला गाळ, आंबा-काजूची लागवड. म्हणजे तिलाच मजुरी आणि तिच्याच वाडीला पाणी. कोकणात हिरव्या दिसणाऱ्या कितीतरी बागा १९९० नंतर रोजगार हमीतूनच उभ्या राहिल्या.

ही योजना मुळात महाराष्ट्राची. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिली, १९७७ मध्ये आपण कायदा केला, २००५ मध्ये देशाने तो उचलला. आणि आज महाराष्ट्राचे रोजगार हमी मंत्री कोण? आपले भरतशेठ! फलोत्पादनही त्यांच्याकडेच. लाडकी बहीणचं खातं अदितीताईंकडे. म्हणजे बाईच्या हातात पैसा देणारी राज्यातली दोन्ही खाती एकट्या रायगड जिल्ह्यात आहेत. असं पुन्हा कधी जमून येईल? एका खुर्चीच्या भांडणात हे वर्ष गेलं.

भरतशेठ, ही पोस्ट कोणी ना कोणी तुम्हाला दाखवेलच. म्हणून मानाने विचारतो. मार्चच्या अर्थसंकल्पात राज्याचा ४० टक्के वाटा पूर्ण ठेवणार का? आणि डोंगरी तालुक्यात मे महिन्यातली पाण्याची कामं आधी घेणार का? पालकमंत्री तुम्ही व्हा नाहीतर ताई होवोत, हे दोन प्रश्न तुमच्याच खात्याचे आहेत.

पण नुसतं त्यांना विचारून मोकळं होणं बरोबर नाही. मी स्वतः या वर्षी एकाही ग्रामसभेला गेलो नाही. दुकान होतं, कंटाळा होता, "तिथे काय होतंय" ही सवय होती. कोऱ्या कागदावर अंगठे घेऊन ठराव होतात हे मला माहीत आहे आणि मी गप्प बसलोय. तेव्हा ही चूक माझीपण.

म्हणून एवढंच करतोय. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला मी जाणार. त्याआधी ज्याला काम मागायचंय त्याने दुकानात यावं. कामाच्या मागणीचा नमुना ४ फुकट भरून देईन, झेरॉक्सचे पैसे नाहीत. तो ग्रामपंचायतीत द्या आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नका. पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्त्याचा हक्क त्या पोचवरच उभा राहतो. नव्या कायद्याचे नमुने बदलले तर नवे काढून ठेवीन.

मार्च २०२७ ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतील. मोठमोठे मंडप पडतील, हेलिकॉप्टर उतरतील. त्या दिवसापर्यंत आपल्या दोन तालुक्यांतली एक तरी वाडी टँकरमुक्त झाली आणि ती तिथल्या बायकांनी पोच घेऊन, मागून करून घेतली, तर त्या तळ्यावर ताठ मानेने उभं राहता येईल.

संध्याकाळी सहा वाजता सर्व्हर चालू झाला. पाच जणींची केवायसी झाली, दोघींची राहिली. त्या शेवटच्या एसटीने वर गेल्या.

सगळ्यांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा. चुकलं असेल तर खाली लिहा, शिव्या दिल्या तरी चालतील, फक्त पूर्ण वाचून द्या.