धक्का एकच, मोजपट्टी कोणाची?

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीची जमीन हादरू लागली. धुंदलवाडी परिसरातल्या माणसांनी थंडीच्या कित्येक रात्री घराबाहेर, तंबूत काढल्या. पुढचा धक्का कधी बसेल ते ठाऊक नाही आणि चुकवणंही हाती नाही. मनाला पोखरतं ते हेच.

हे मला सुचलं एका जुन्या प्रयोगावरून. १९६७ साली अमेरिकेत सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांना चुकवता न येणारे विजेचे धक्के दिले. पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही त्यांतले बरेच कुत्रे जागचे हलले नाहीत. ही ‘शिकलेली असहायता’ नैराश्याचा नमुना ठरली आणि तिचा अभ्यास पुढे उंदरांवर चालू राहिला. पण मेंदूच्या अभ्यासात उंदीर घ्यायचे ते बहुधा नर! मादीच्या चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्रामुळे हिशेब बिघडतो, ही सबब. २००९ मधल्या शोधनिबंधांची पाहणी झाली, तेव्हा या शाखेत केवळ नरांवरचे प्रयोग केवळ माद्यांवरच्या साडेपाच पट निघाले. नैराश्य मात्र बायकांमध्येच अधिक आढळतं!

ट्रेसी शोर्स यांनी दोघांनाही तपासलं. १९९८ च्या त्यांच्या प्रयोगात धक्क्यांनंतर नर नवा धडा लवकर शिकले, माद्या मागे पडल्या. बीजकोश काढलेल्या माद्यांत मात्र ही घसरण दिसली नाही. २००८ मध्ये त्यांच्याच सहकाऱ्यांना आढळलं, की असहायतेच्या कसोटीत नर हातपाय गाळून बसतात, माद्या सुटकेसाठी धडपडत राहतात. म्हणजे प्रश्न कोण दुबळं हा नाहीच. नरावर बेतलेली कसोटी मादीचं दुखणं टिपेलच असं नाही, एवढाच याचा अर्थ.

माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे मान्य. पण आपलीही कसोटी तीच नाही का? पुरुष गप्प बसला, कामावर गेला नाही, की घराच्या लक्षात येतं. बाई मात्र तंबूतही चूल पेटवते, पाणी भरते, पोरं सांभाळते. मग आपण म्हणतो, ‘ती बरी आहे.’ झोप लागते का, सांगितलेलं लक्षात राहतं का, हे तिला कोण विचारतं?

आपत्तीनंतर पाड्यावर जाणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याने हे दोन प्रश्न तिला वेगळं बसवून, तिच्याच बोलीत विचारावेत. त्याला फार खर्च येत नाही. हात चालू आहेत म्हणून मन ठीक आहे, हे गृहीत धरणं मात्र महागात पडतं.