आधी हवेची तपासणी, मग माणूस



मॅनहोलच्या तोंडाशी उभा राहून मुकादम म्हणतो, "वास नाही, उतर." वास नाही म्हणजे विषारी वायू नाही, हे त्याला कोणी सांगितले? मैला कुजून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याची दुर्गंधी येते खरी. परंतु हवेच्या दशलक्ष भागांत त्याचे शंभर भाग झाले की काही मिनिटांतच नाक बधिर होते. विष वाढले की इशाराच नाहीसा होतो! मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड यांना तर मुळातच वास नाही. कोणी पेटता कागद आत टाकून पाहतो, कोणी झुरळे जिवंत बाहेर येतात का ते पाहतो. आगीने विष मोजता येत नाही. मिथेन साठला असेल तर भडका मात्र उडतो.

यासाठी चार वायू मोजणारे, हातात मावणारे यंत्र मिळते. ते माणसाच्या आधी आत सोडावे आणि वर, मध्ये व तळाशी आकडे पाहावेत. कारण मिथेन हवेहून हलका, तर हायड्रोजन सल्फाइड जड. प्राणवायू शुद्ध हवेत 20.9 टक्के असतो, 19.5 च्या खाली गेला तर कोणीही उतरू नये. एकदा तपासूनही भागत नाही. गाळ ढवळला की त्यात कोंडलेला वायू सुटतो, म्हणून काम चालेतो यंत्र कामगाराच्या छातीशी असावे आणि ते वाजताच त्याने बाहेर यावे. आतला कोसळला तर भावानेही त्याच्यामागे उडी घेऊ नये. हे लिहिणे कठीण आहे, पण एका खड्ड्यातून दोन-तीन प्रेते निघतात ती पुष्कळदा अशा धावण्यामुळेच.

कारखान्यातील टाकीत उतरण्यापूर्वी जाणकाराने स्वतः तपासून लेखी दाखला द्यावा, अन्यथा श्वसनयंत्र व दोर द्यावा, असे 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 36 ने सांगितले होते. मग गटारात उतरणाऱ्यासाठी असा कायदा होण्यास 2013 साल का उजाडावे लागले? त्या गटारात कोणत्या जातींची माणसे उतरविली जातात, ते पाहा म्हणजे उत्तर मिळेल. आपण दीक्षा घेतली. ठेकेदाराची हजेरीवही अजून आपली जुनी जातच वाचते.

2013 च्या कायद्यानुसार संरक्षक साधने व सुरक्षेची दक्षता यांवाचून माणसास गटारात वा सेप्टिक टाकीत उतरविणे हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हवेची तपासणी हा त्या दक्षतेचाच भाग आहे. ती ठेकेदाराची मेहेरबानी नव्हे. "तो आपखुशीने उतरला," हा बचाव मी न्यायालयात ऐकला आहे. नाही म्हटल्यास ज्याची मजुरी बुडते, त्याची आपखुशी ती कसली? कायद्याच्या व्याख्येत कामगाराच्या संमतीला जागाच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. ती हक्काची आहे, जरूर घ्यावी. पण मला काही हजारांचे ते यंत्र आधी हवे आहे.

आपल्या घरातील कोणाला असे काम सांगितले गेले, तर आधी यंत्रावरील आकडे दाखविण्यास सांगा. न दाखविल्यास साक्षीदारासमक्ष नकार द्या. ठेकेदाराचे नाव, जागा व वेळ लिहून पोलीस ठाण्यात आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. तिची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका.