समुपदेशकाची नुसती पाटी नको

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले : 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. आपल्या समाजाच्या शाळांनाही हे लागू आहे. यातली सोपी पळवाट म्हणजे पी.टी.च्या सरांना दोन दिवसांच्या कार्यशाळेला पाठवायचे आणि दारावर पाटी लावायची. माझा विरोध या पळवाटेला आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दोन दिवसांचा कोर्स केलेल्याला आमच्याकडे चालू सर्व्हरला हात लावू देत नाहीत. मग मुलांच्या मनाला कोणीही हात लावलेला कसा चालतो?

अमेरिकेत शालेय मानसशास्त्रज्ञ व्हायला पदवीनंतर साधारण तीन वर्षे शिकावे लागते. तिथल्या राष्ट्रीय संघटनेच्या निकषांनुसार 1200 तासांची इंटर्नशिप लागते, त्यातले निदान 600 तास शाळेत आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली. आपल्याकडे एनसीईआरटीने आखलेला समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रमसुद्धा वर्षभराचा आहे.

एवढे शिकायचे कशासाठी? घरी दखनी बोलणाऱ्या मुलीची बुद्धी इंग्रजी चाचणीने मोजली, तर मोजले जाते तिचे इंग्रजी. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बेतली, ती याच कारणाने. हा फरक न कळणारा माणूस मुलीवर ‘ढ’ असा शिक्का मारतो आणि तिची शाळा सुटते. गप्प झालेल्या मुलाला नजर लागली म्हणून तावीज बांधला जातो. विश्वासाने सांगितलेली गोष्ट स्टाफरूममधून मोहल्ल्यात पोहोचते. ऐकलेले पोटात ठेवणे हासुद्धा या प्रशिक्षणाचाच भाग आहे.

‘आपल्यात असे शिकलेले मिळत नाहीत’ हे उत्तर मला मान्य नाही. आपणच त्यांना घडवत नाही. इंजिनिअरिंगची फी भरायला ट्रस्ट पुढे येतात, मानसशास्त्रात एम.ए. करू पाहणाऱ्या मुलीला मात्र ‘वेड्यांची डॉक्टर होणार का?’ असे विचारले जाते.

संस्थाचालकांनो, दरवर्षी एका विद्यार्थ्याच्या दोन वर्षांच्या एम.ए.चा आणि पुढच्या प्रशिक्षणाचा खर्च उचला, नंतर त्याला पूर्ण पगारावर नेमा. आणि मित्रांनो, घरात दखनी, उर्दू, मराठी तिन्ही ऐकत वाढलेले तुम्ही या कामासाठी इतरांपेक्षा जास्त तयार आहात. सगळ्यांनी कोडिंगच्याच रांगेत उभे राहायची गरज नाही.